वाचक विचारतात : संप्रेरकासारखंच इंजेक्शन संप्रेरक कसं थांबवतं?

प्रश्न : एंडोमेट्रिऑसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारासाठी) ल्युप्रोलाइड ३.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतलं. पाळी थांबेल असं सांगितलं होतं, पण आठवड्याभरात कळा उलट वाढल्या. औषध लागू पडत नाही का? पुढच्या इंजेक्शनासाठी चिपळूणला जावं लागतं. आठ-दहा दिवस मागेपुढे झाले तर चालेल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : पहिल्या एक-दोन आठवड्यांत कळा वाढणं हे बहुधा औषध लागू पडत असल्याचंच लक्षण आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच हे संप्रेरक सलग सोडत नाही. पाळीनंतरच्या दिवसांत साधारण ६० ते ९० मिनिटांनी त्याचा एकेक झटका येतो. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या पेशींवरचे रिसेप्टर (निरोप टिपणारी प्रथिनं) तो टिपतात, पेशी अंडाशयाला चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते आणि पुढच्या झटक्यापर्यंत सावरते. ल्युप्रोलाइड त्याच रिसेप्टरवर बसून तेच काम करतं, म्हणून आधी इस्ट्रोजेन वाढतं आणि दुखणंही. फरक एवढाच, की ते उसंत देत नाही. मग पेशी रिसेप्टर आत ओढते, त्यातले बरेच मोडीत काढते, आणि उरलेल्यांचा निरोपही आत नीट पोचेनासा होतो. दोन ते चार आठवड्यांत अंडाशय थंडावतं. संप्रेरकांचे अभ्यासक अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने १९७८मध्ये माकडांवर हेच दाखवलं : तासाला एक झटका दिला तर एलएच सुटत राहतं, तेच संप्रेरक सलग दिलं तर बंद पडतं.

यातली खरी गंमत रिसेप्टरच्या शेपटीत आहे. एलएचच्या रिसेप्टरला पेशीच्या आत शेपटी असते. तिला फॉस्फेट चिकटलं की अरेस्टिन हे प्रथिन येऊन काही मिनिटांत निरोप तोडतं. माणसाच्या जीएनआरएच रिसेप्टरला ती शेपटीच नाही. तो सावकाश बधिर होतो याचं हे मोठं कारण.

आता तारखेचं. आठ-दहा दिवसांचा उशीर नको. मासिक डेपो (हळूहळू औषध सोडणारं इंजेक्शन) २८ दिवसांचा धरा. ‘दर महिन्याची ५ तारीख’ असं ठरवलं की दोन-तीन दिवस आपोआप सरकतात. औषधाचा अंमल उतरला की पेशी नवे रिसेप्टर मांडते. उशीर लांबला तर रक्तस्राव होऊ शकतो आणि पुढच्या डोसला पहिल्यासारखी संप्रेरकाची उसळी पुन्हा येऊ शकते. वाशिष्ठीला पाणी चढलं की चिपळूणच्या रस्त्याचा भरवसा नाही, तेव्हा जूनआधीच ११.२५ मिलिग्रॅमच्या तिमाही डेपोबद्दल डॉक्टरांना विचारा. इंजेक्शनाची पूड सोबतच्या द्रवातच कालवून लगेच टोचायची असते. ठेवली तर कण तळाला बसतात आणि डोस अपुरा जातो. पाळी थांबली म्हणून गर्भनिरोध सोडू नका, निरोध वापरा. सहा महिन्यांपुढे न्यायचं असेल तर हाडं झिजू नयेत म्हणून जोडीला अल्प मात्रेत संप्रेरकं देतात.

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हेच इंजेक्शन सांगितलंय, पण आधी बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या का? – एक वाचक, देवगड

उत्तर : तीच उसळी. पुरुषात ती टेस्टोस्टेरॉनची असते आणि गाठीला खतपाणी घालते. गोळी टेस्टोस्टेरॉनला गाठीच्या पेशींत काम करू देत नाही, म्हणून ती इंजेक्शनाच्या आधी किंवा सोबत सुरू करून सुरुवातीचे काही आठवडे चालू ठेवतात. डेगॅरेलिक्स हे दुसरं इंजेक्शन जीएनआरएचचा रिसेप्टर थेट अडवतं, त्यात उसळी नसते. कॅन्सर मणक्यात पोचला असेल तर या काळात पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.