दप्तरात सापडलेला लायटर

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. मुलगा 12 वर्षांचा, सहावीत. महिनाभरात बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत दोनदा पेटलं. परवा त्याच्या दप्तरात लायटर आणि एका वहीची अर्धवट जळलेली पानं सापडली. हे म्हणतात, हाताला एक चटका दिला की जन्मभर लक्षात राहील. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, चटका अजिबात देऊ नका. 31 वर्षं मी बंबावर काढली. चटका बसलेलं पोर पुढची काडी लांब जाऊन, लपून ओढतं. मग आग भडकली तरी सांगायला घरी येत नाही.

मला गवतापेक्षा त्या वहीची काळजी वाटते. वही त्याचीच आहे ना? पंचवटीत एकदा गोठ्यामागचा कडबा पेटला होता. पाणी मारून झाल्यावर राख उकरताना पत्र्याची कंपासपेटी हाती आली, काळी पडलेली. आतल्या बाजूला कुणाचं तरी नाव कोरलेलं. गर्दीत पुढेच एक मुलगा उभा होता, भुवया होरपळलेल्या. त्याला बंबाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. अर्ध्या तासाने बोलला. पेटी ज्याची, तो पोरगा रोज याचा डबा हिसकावून मारायचा. याला फक्त पेटी जाळायची होती; वाऱ्याने कडबा धरला.

तेव्हा आज जेवणं झाल्यावर, आवाज न चढवता विचारा : काय पेटवलंस, सोबत कोण होतं, त्याआधी काय झालं होतं? शाळेचं नाव निघालं तर वर्गशिक्षकांना भेटा. पाच-सहा वर्षांची पोरं कुतूहलापोटी काडी ओढतात. काडेपेटी उंच ठेवली, नीट समजावलं की बहुतेक थांबतात. 12 व्या वर्षी लपून, पुन्हापुन्हा होतंय, म्हणून बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवरही बोलता येईल.

वाळलेलं गवत सोसायटीने काढून घ्यावं. आणि संध्याकाळी देवापुढचं निरंजन त्याला लावू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहून. विझलेली काडीही पाण्यात बुडवूनच टाकायची, हे त्याच्या हातून करून घ्या. लायटर मात्र तुमच्याकडे.

त्याला शब्द द्या : कधी काही पेटलंच तर विझवत बसू नकोस, पळत ये, ओरड, 101 लाव, कुणी मारणार नाही. हा शब्द यजमानांनीही त्याच्यासमोर द्यायला हवा.