एक सूत की पाऊण सूत?

सायकल-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. मी नाशिकला राहते, वय २४. तीन वर्षांपूर्वी फिक्स्ड गियर सायकल (चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच अशी) घेतली आणि रोज तिच्यावरूनच सातपूरला कामाला जाते. पुढे ४६ दाते, मागे १७. पुढचा ब्रेक आहे. हल्ली चेन सारखी सैल होते. चाक मागे ओढून ओढून ती ताणत आले. फ्रेमच्या रंगावर वॉशरची जुनी खूण दिसते, तिथून चाक जवळजवळ ७ मिलिमीटर मागे आलंय. एक दुकानदार म्हणाला, ‘चेन थोडी कापून देतो.’ दुसरा म्हणाला, ‘गियरच्या सायकलची चेन टाका, हलकी असते.’ मित्र म्हणतो, हाफ-लिंक चेन सगळ्यांत मजबूत. नेमकी कुठली घेऊ?

उत्तर : वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो. रंगावरची खूण तू पाहिलीस आणि मोजलीस, याचा मला फार आनंद झाला. निम्मं उत्तर त्या ७ मिलिमीटरमध्येच आहे.

४६ आणि १७ दात्यांना बहुतेक फ्रेमवर ९६ कड्या लागतात. कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. नव्या चेनची लांबी झाली १,२१९ मिलिमीटर. चेन वरूनही जाते आणि खालूनही, म्हणून चाक ७ मिलिमीटर मागे गेलं याचा अर्थ चेन सुमारे १४ मिलिमीटर वाढली. थोडा वाटा दात्यांच्या झिजेचा धरला तरी वाढ एक टक्क्याच्या घरात जाते. चेन संपली आहे.

तरी पट्टी लावून खात्री कर. मी ३१ वर्षं चिंचवडला टूलरूममध्ये फिटर होतो. आमच्याकडे इंचाचे आठ सूत, आणि आजही माझा हात सुतातच मोजतो. १२ इंची स्टीलची पट्टी घे, चेन ताठ ठेव आणि एका पिनच्या मध्यावर शून्य धर. २४ कड्यांनंतरची पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते. अर्धा सूत पुढे गेली, तर नवी चेन आणून ठेवायची. पूर्ण सूत पुढे गेली, तर चेनबरोबर मागचा कॉगही, म्हणजे मागचं दातेरी चक्रही, तपासायचा.

ही वाढ म्हणजे लोखंड ताणलं गेलं असं नाही. पिन आणि तिच्याभोवतीचं भोक एकमेकांना झिजवतात. रस्त्यावरची धूळ तेलात बसली की तिची घासायची पेस्टच होते. ९६ पिना केसभर झिजतात आणि त्या सगळ्यांची बेरीज तुझ्या फ्रेमवर दिसते.

म्हणून कापून देणाऱ्याला नको म्हण. दोन कड्या काढल्या की चाक अर्धा इंच पुढे येईल आणि चेन घट्ट वाटेल, पण प्रत्येक कडीची झीज तिथेच राहील. झिजलेली कडी दात्याच्या मुळाशी बसत नाही, वर चढते. फ्रीव्हीलच्या सायकलला, म्हणजे पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं तिला, हे एक वेळ चालून जाईल. फिक्सला चेन हाच मागच्या चाकाचा ब्रेक आहे, पेडलवर मागे जोर दिला की चेनच चाक रोखते.

आता रुंदी, कारण दुकानातले घोटाळे तिथेच होतात. कडीच्या लांबीने सगळ्या चेन सारख्याच, अर्ध्या इंचाच्या. फरक आतल्या रुंदीत असतो. १/८ इंच म्हणजे एक सूत, ३/३२ इंच म्हणजे पाऊण सूत. आपल्या २२ इंची काळ्या सायकलला एक सुताची चेन असते. फिक्सवर दोन्ही प्रकारचे दाते सापडतात. कॅलिपरने दात्याची जाडी बघ, पुढचीही आणि मागचीही. तीन मिलिमीटरच्या जवळ असेल तर दाते एक सुताचे, दोनच्या जवळ असेल तर पाऊण सुताचे. पाऊण सुताच्या दात्यावर एक सुताची चेन चालते, फार तर थोडी वाजते. उलट मात्र चालत नाही. अरुंद चेन जाड दात्यावर नुसती टेकून राहते आणि पायाचा जोर आला की निसटते. पुढचे-मागचे दाते वेगवेगळ्या जाडीचे निघाले, तर जाड दात्याला बसेल तीच घ्यायची.

गियरच्या सायकलची चेन तुला का नको, हे मी अंगावर खूण ठेवून शिकलो. मुलाची जुनी रेसिंग सायकल मी फिक्स्ड गियरची करून घेतली होती. घरात नऊ गियरची चेन पडून होती, ती चढवली. दाते पाऊण सुताचे होते, चेन बसली, गल्लीत फिरून आलो, सगळं छान. पुढचा ब्रेक ‘उद्या लावू’ म्हणून राहिला होता. पुण्यातल्या चांदणी चौकाच्या उतारावर मी मागे जोर दिला आणि पाय एकदम हलके झाले. चेन पुढच्या चक्रावरून उतरली होती. सायकल वेग घेत होती आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. बूट टायरवर दाबत दाबत शेवटी कडेच्या वाळूच्या ढिगात गेलो. कोपर फाटलं, सात टाके पडले. चूक सर्वस्वी माझी. ती चेन बाजूला वाकावी, एका चक्रावरून सुटून दुसऱ्यावर जावी, यासाठीच घडवलेली असते. तिने तिचं काम केलं. तुझ्या सायकलला पुढचा ब्रेक आहे. तो कोणी कितीही ‘काढून टाक, सुंदर दिसेल’ म्हणालं तरी काढू नकोस.

हाफ-लिंक चेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नकोस. तिची प्रत्येक कडी वाकवलेली असते. वाकलेली पट्टी जोराखाली सरळ व्हायला बघते, म्हणून ती लवकर वाढते, आणि वजनही जास्त. एक सुटी हाफ-लिंक मात्र उपयोगाची वस्तू आहे. चाक फ्रेमच्या खाचेत फारच पुढे किंवा फारच मागे येत असेल, तर एका हाफ-लिंकने ते पाव इंच हलतं. तुला तिची गरज पडणार नाही. ९६ कड्यांची नवी चेन लावलीस की चाक त्या जुन्या खुणेच्या आसपास आपोआप जाईल.

तेव्हा एक सुताची, साधी, सिंगल स्पीडची चेन घे. केएमसी कंपनीची झेड ४१० मिळाली तर उत्तम. रोज कामाला जाणाऱ्या सायकलला यापेक्षा महागडी चेन लागत नाही. वाचलेल्या पैशात पुढची चेन वेळेवर बदल. पाकिटात बहुधा ११२ कड्या येतात. कापताना जुनी चेन शेजारी धरून लांबी लावू नकोस, जुनी वाढलेली आहे. कड्या मोज.

चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप हा लहान तुकडा, पण मी सगळ्यांत जास्त वेळ तिथे देतो. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. फिक्सवाले इथे गोंधळतात. त्यांना वाटतं, आपण मागेही जोर देतो, मग दिशा कुठली? मागे जोर दिला तरी सायकल पुढे जात असेपर्यंत चेन पुढेच धावते. बंद टोक पुढे. बसवल्यावर नखाने क्लिप हलवून बघ, दोन्ही पिनांच्या खाचेत बसलेली हवी.

चाक आवळण्याआधी पेडल सावकाश एक पूर्ण फेरा फिरव. कुठलंही चक्र अगदी गोल नसतं, त्यामुळे चेन एका जागी ताठ होते, एका जागी ढिली. सगळ्यांत ताठ जागीसुद्धा बोटाने जराशी हललीच पाहिजे, नाहीतर छर्रे खराब होतात. सगळ्यांत ढिल्या जागी वर-खाली मिळून अर्ध्या इंचाच्या आसपास झोळ ठीक. त्याहून जास्त झोळ म्हणजे चेन पडायला निमित्त.

मागच्या कॉगकडेही बघ. पुढचं चक्र एकदा फिरतं तेव्हा तो २.७ वेळा फिरतो, म्हणून आधी तोच झिजतो. फिक्सवर दात्याच्या दोन्ही बाजू खाल्ल्या जातात. दाते टोकदार झाले असतील किंवा नवी चेन दात्यांवर चढल्यासारखी कडकड वाजली, तर कॉगही बदल. त्याला घट्ट धरणाऱ्या लॉकरिंगला उलटे आटे असतात. हे माहीत असणाऱ्याकडूनच काढून घे, आणि समोर उभी राहून बघ.

प्रश्न : वडिलांची २२ इंची सायकल मी अजून वापरतो. चेनला खोबरेल तेल घालतो, ते बरोबर आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : खोबरेल तेल थंडीत थिजतं, आणि पुढे चिकट होऊन धूळ धरून ठेवतं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, पहिल्या पावसात धुऊन जातं. चेनचं तेल आणा, किंवा मोटारीच्या इंजिनाचं नवं तेल वापरा. प्रत्येक रोलरवर एक थेंब. पेडल उलटं फिरवून ते मुरू द्या आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने चेन बाहेरून पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर नको. बंद चेनकव्हर असेल तर ते कायमचं काढून टाकू नका. तुमच्या वडिलांची चेन इतकी वर्षं टिकली असेल, तर त्या कव्हरमुळेच.