फवारा मारणाऱ्या वडलांना लिव्हरची पावडर द्यावी का?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वडील कापसावर फवारा मारतेत, रिपोर्टात एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) 96 आलंय आन पाव्हण्यानं स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) आन मिल्क थिसल (एक काटेरी झाड) यांची पावडर आणून दिलीय, चालू करू का म्हणतोस. मी परभणीत 22 वर्षं मेडिकल चालवलं, डॉक्टर नाही, तेवढ्याच हिशोबानं घे.

आधी हे बघ, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस असली फवाऱ्याची औषधं पहिल्यांदा नसा धरतेत. लाळ, घाम सुटला, डोळ्याची बाहुली बारीक झाली की पावडर-काढा करत बसायचं नाही, गाडी काढून थेट दवाखाना, तिथं अ‍ॅट्रोपिन देतेत, त्या विषावरचा उतारा.

मिल्क थिसल अगदीच थोतांड नाही बरं का. युरोपात विषारी मशरूम खाल्लेल्या माणसाला त्यातल्याच सिलिबिनचं इंजेक्शन देतेत, ते विषाला लिव्हरच्या पेशीत शिरूच देत नाही. पण ते सलाईनमधून, दवाखान्यात. डब्यातल्या चमचाभर पावडरीचा त्याच्याशी काय संबंध? स्पिरुलिनाचं कौतुक बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगातलं आहे, आन टाक्यात नीट वाढवलं नाही तर सोबत दुसरं निळं-हिरवं शेवाळ येतं, त्यातलं मायक्रोसिस्टिन हे स्वतःच लिव्हरचं विष आहे. म्हणजे राखणदारच चोर निघायचा.

माझीच गंमत सांगतो. कोरोनात मी गुळवेलीचा काढा रोज पीत होतो, दुकानात येणाऱ्यालाही सांगत होतो, आन तीन-चार महिन्यांनी डोळे पिवळे, एसजीपीटी 300 च्या वर. डॉक्टरनं काढा बंद करायला लावला, दोन महिन्यांत उतरलं. तेव्हा कळलं की मुंबईच्या डॉक्टरांनीही असेच पेशंट पाहून छापलं होतं. झाडपाला आहे म्हणून निर्धास्त राहायचं नसतं, आन मी तर औषधंच विकायचो!

लोक म्हणतेत भुईआवळीनं कावीळ उतरली, माळ घातली की उतरली. अरे, दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते, नाव मात्र माळेचं होतं.

96 कशानं आलं ते शोध. दारू? पोट सुटलंय, शुगर आहे? अंगदुखीच्या गोळ्या किती खायलेत? सोनोग्राफी आन कावीळ बी-सीची तपासणी करून घे. घरात बुरशी धरलेल्या शेंगा, मका असला तर फेकून दे, निवडून खाऊ नका, 1974 ला राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशीच्या मक्यानं शंभरावर माणसं लिव्हर जाऊन मेलती. पावडर तोवर कपाटातच राहू दे, चालू केलीच तर डॉक्टरला डबा दाखव, नुसतं "आयुर्वेदिक आहे" म्हणू नको.

आन त्या पैशात रबरी हातमोजे आण. हो, वडलांना एक विचार, फवारा मारताना मधीच तंबाखू मळतेत तेव्हा हात धुतेत का.