वाचक विचारतात: १९४७ ते १९५० देश कुठल्या कायद्यावर चालला?

प्रश्न: स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं, घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. मग मधली जवळपास अडीच वर्षं देश कशाच्या जोरावर चालत होता? निवडणूक तर झालीच नव्हती, मग सरकार कुठून आलं? मुलीने विचारलं आणि मला काही सांगता आलं नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर: तुमच्या मुलीला शाबासकी द्या, कारण पाठ्यपुस्तकात झेंडावंदनानंतर डायरेक्ट प्रजासत्ताक दिनच येतो आणि मधला सगळा भाग गायब असतो.

थोडक्यात सांगायचं तर देश इंग्रजांच्याच कायद्यावर चालला, १९३५ चा भारत सरकार कायदा. ब्रिटिश पार्लमेंटने भारतीय स्वातंत्र्य कायदा केला, १८ जुलै १९४७ ला त्याला राजाची मंजुरी मिळाली, आणि त्यातच लिहिलं होतं की नवी घटना होईपर्यंत ३५ चाच कायदा लागेल तिथे दुरुस्त करून वापरा. मग १४ ऑगस्टला एक ऑर्डर निघाली आणि त्या कायद्यात ठिकठिकाणी शब्द बदलले, काही खोडले. जुन्या भाडेकरारावर मालकाचं नाव खोडून नवं लिहावं तसलाच प्रकार.

पण गंमत अशी की जे शब्द खोडले त्यातच खरं स्वातंत्र्य होतं. जुन्या कायद्यात जागोजागी असं होतं की गव्हर्नर जनरल (राजाचा इथला प्रतिनिधी) अमुक गोष्ट 'स्वतःच्या मर्जीने' करेल, म्हणजे मंत्र्यांना विचारायची गरज नाही. ते शब्दच काढून टाकले. मग गव्हर्नर जनरल राहिला, पण त्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणं भाग पडलं. माउंटबॅटन आधी व्हाइसरॉय होते तेव्हा सगळी सूत्रं त्यांच्या हातात, आणि १५ ऑगस्टनंतर तेच गृहस्थ त्याच वाड्यात राहून नेहरूंच्या मंत्रिमंडळाच्या कागदांवर सह्या करत होते. माझ्या मते मध्यरात्रीच्या भाषणापेक्षा ही खोडाखोड जास्त महत्त्वाची, फक्त तिचा फोटो निघत नाही म्हणून कोणाच्या लक्षात नाही.

आणि हो, कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच होता, २६ जानेवारी १९५० पर्यंत. आपण तेव्हा 'डोमिनियन' होतो, म्हणजे कारभार आपला, पण नावापुरता राजा ब्रिटनचा. माउंटबॅटन जून १९४८ मध्ये गेले, मग राजगोपालाचारी आले, ते त्या पदावरचे पहिले आणि शेवटचे भारतीय. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल तर जानेवारी १९४८ पर्यंत होते, आणि लष्कराचा प्रमुखही १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा येईपर्यंत इंग्रजच होता. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण फाळणीचे लोंढे, काश्मीर, संस्थानं हे सगळं एकदम अंगावर आलेलं असताना कारभार एक दिवससुद्धा बंद ठेवून चालणार नव्हतं.

आता सरकार कुठून आलं. १९४६ च्या सुरुवातीला प्रांतांच्या निवडणुका झाल्या होत्या, पण मत सगळ्यांना नव्हतं, शिक्षण, मालमत्ता, कर असल्या अटी होत्या. त्यातून निवडून आलेल्या प्रांतिक आमदारांनी घटना समितीचे सभासद निवडले, साधारण दहा लाख लोकवस्तीमागे एक, आणि संस्थानांचे प्रतिनिधी नंतर हळूहळू येत गेले. सरकारही १५ ऑगस्टला अचानक उगवलं नाही, २ सप्टेंबर १९४६ पासून नेहरूंचं हंगामी सरकार होतंच, ऑक्टोबरमध्ये मुस्लिम लीगही त्यात आली आणि अर्थखातं लियाकत अलींकडे गेलं, पण ते एकत्र काही नांदले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर ह्याच घटना समितीने दोन कामं केली. घटना लिहायला बसली की अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, आणि रोजचे कायदे, बजेट करायला बसली की तीच संसद, तिथे १७ नोव्हेंबर १९४७ पासून सभापती ग. वा. मावळणकर. माणसं तीच. पहिलं बजेट षण्मुखम चेट्टींनी २६ नोव्हेंबरला मांडलं ते ह्याच सभागृहापुढे.

प्रश्न: पहिल्या मंत्रिमंडळात काँग्रेसबाहेरचे लोक कसे होते? आणि डॉ. आंबेडकर मुंबईचे की बंगालचे सभासद? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर: नेहरू धरून चौदा मंत्री होते. आंबेडकर कायदा, श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योग, चेट्टी अर्थ, हे तिघेही काँग्रेसचे नव्हते, चेट्टी तर मद्रासकडच्या जस्टिस पार्टी ह्या काँग्रेसविरोधी पक्षातले. पक्षाचं बहुमत असताना विरोधकांना बोलावलं, ते काही नुसत्या मनाच्या मोठेपणाने नाही, तेवढी अनुभवी माणसं पक्षात नव्हती हेही कारण होतंच असं मला वाटतं. मराठी नाव म्हणाल तर काकासाहेब गाडगीळ, बांधकाम, खाणी आणि वीज.

आंबेडकर दोन्हीकडचे. मुंबईत काँग्रेसचं बहुमत, इथून निवडून येणं शक्यच नव्हतं, म्हणून १९४६ ला बंगालमधून तिथले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल वगैरेंच्या मदतीने आले. फाळणी ठरली आणि ती जागाच गेली. मग ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला असंच म्हणायचे) बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं, बॅ. जयकरांची जागा रिकामी झाली होती तिथे आंबेडकरांना निवडून पाठवा. जुलैमध्ये ते काम झालं, २९ ऑगस्टला ते मसुदा समितीत आले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले.

प्रश्न: मग २६ जानेवारी १९५० ला लगेच नवी संसद आली का? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर: नाही ना! घटनेनेच सांगितलं होतं की निवडणूक होईपर्यंत हीच मंडळी हंगामी संसद म्हणून बसतील. एकच सभागृह, राज्यसभा नाहीच. आणि ह्या हंगामी संसदेने जून १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती करूनही टाकली, जमीनदारी कायद्यांना संरक्षण, भाषणस्वातंत्र्यावर ज्यादा मर्यादा, नववं परिशिष्ट (कोर्टात आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांची यादी), सगळं त्यातलंच. सार्वत्रिक मतदानाने न निवडलेल्यांनी हे करावं का म्हणून तेव्हाही ओरड झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि शंकरी प्रसाद खटल्यात कोर्टाने त्याच वर्षी दुरुस्ती योग्य ठरवली. माझं मत विचाराल तर चार-सहा महिने थांबायला हवं होतं, कारण ऑक्टोबर १९५१ ला मतदान सुरू होणारच होतं. लोकसभा बसली ती १९५२ मध्ये, आणि सभापती परत मावळणकरच.