ऑफिसात सुवार्ता सांगितली नाही तर ते पाप आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चर्चचे पाळक म्हणतात, रोज निदान एका माणसाला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगा, आणि ऑफिसात तुमची जीभच उचलत नाही.

सुवार्ता सांगणं प्रत्येक विश्वासीयाचं काम आहे, ते पाळकांवर ढकलता येत नाही. पण "रोज एक" हा हिशोब बायबलमधल्या मत्तयाच्या 28व्या अध्यायात कुठे आहे? तिथे प्रभू म्हणतो, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या; पण गोष्ट बाप्तिस्म्यावर थांबत नाही. प्रभूने आज्ञापिलेलं सगळं पाळायला शिकवा, असं पुढे आहे, आणि त्याला कोणी हात लावत नाही.

आमच्या ऐरोलीच्या घरसभेत एक मुलगा यायला लागला. महापे एमआयडीसीत कामाला, घणसोलीत भाड्याची खोली. बाप्तिस्मा आधीच झालेला, दुसऱ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. ज्यांनी दिला त्यांनी फोटो काढले आणि नंतर त्याचे फोन उचलणं बंद केलं. बायबल कुठून वाचायला घ्यायचं हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शिफ्ट सुटली की तो आमच्याकडे यायचा. मी पोळ्या लाटायचे, तो ओट्याला टेकून मार्काचं शुभवर्तमान मोठ्याने वाचायचा. "ताई, आईने प्रसाद हातावर ठेवला तर?" या एका प्रश्नापायी पहिल्या करिंथकरांचे, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे, आठवा आणि दहावा अध्याय कित्येक संध्याकाळी पुरले.

मग गावी त्याचे वडील वारले. आमच्याच सभेतल्या एका ज्येष्ठांनी बजावलं, दहाव्याला गेलास तर ख्रिस्ताबद्दलची तुझी साक्ष गेली. मी म्हटलं, जा. पिंड चुलते ठेवतील, तू आईजवळ बस, पाणी भर, पंगत वाढ. राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी, असं अरामी सेनापती नामान म्हणाला तेव्हा संदेष्टा अलीशाने त्याला झापलं नाही. शांतीने जा म्हणाला. 2 राजे 5, उघडून बघा. तो गेला. वाढताना मामाने हटकलं, "बाटलास ना, मग इथं कशाला?" तो म्हणाला, "बाप माझाच होता." आता त्याची आई फोनवर विचारते, काय वाचलंस रे आज? ही साक्ष नाही तर काय?

ते ज्येष्ठ मला अजून ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचा दाखला देतात, की त्यांनाही नवा करार रेल्वेतच एका अनोळखी माणसाने दिला, मग ठाणे स्टेशनवर पत्रकं वाटली तर बिघडलं कुठे? अहो, ते 1893 साल. बाप्तिस्मा झाला 1895 ला. मधला सगळा काळ त्यांनी वाचण्यात आणि झगडण्यात काढला. शेवटी 1917 मध्ये उभारलेल्या 'देवाच्या दरबारा'त, म्हणजे त्यांच्या ख्रिस्तशिष्यांच्या संघात, तर बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पत्रक देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, पण पत्रक दिलं की काम झालं हे मला मान्य नाही.

ऑफिसचं म्हणाल तर हाताखालच्या माणसाकडे विषय काढूच नका, त्याला नाही म्हणणं जड जातं. पैसे, नोकरी, आजारपण यांच्या आडून तर कधीच नाही. घटनेचं 25वं कलम प्रचाराचा हक्क देतं, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलंय. कोणी आपणहून विचारलं तर मात्र गप्प बसू नका; 1 पेत्र 3:15 सांगतं तसं सौम्यतेने बोला.

आणि तुमच्या मंडळीत नुकताच बाप्तिस्मा झालेला कोणी एकटा बसत असेल, तर पाळकांना विचारा, त्याला शिकवतंय कोण? कोणीच नसेल तर तुम्ही सुरू करा, मार्कापासून.