सोमवारी मटण मागू नका: ढाब्याच्या भट्टीजवळून तुमच्या प्रश्नांची उत्तरं

हिंगणघाट-वडनेरकडच्या ढाब्यांवर, भोजनालयांत अन् लग्नाच्या पंगतीत मी आधी भाकरी थापल्या, मग कढईवर आले. बाहेर जेवायला गेलं की काय पाहावं, काय मागवावं हे लोक सारखं विचारत राहतात, म्हणून आलेले प्रश्न एकत्रच घेतले. विचारणाऱ्यांची नावं लिहीत नाही, गाव फक्त लिहिते. अन् अमुक ढाबा चांगला, अमुक खराब असंही सांगणार नाही, कारण पाटी तीच राहते, पण आतला कारागीर सोडून गेला की महिन्याभरात त्या ढाब्याची चव, सफाई सगळं बदलून जातं.

आर्वीचे एक दादा: ताई, आम्ही लेकरंबाळं घेऊन हैदराबाद रोडनं जात असतो. अनोळखी ढाब्यावर थांबलो तर ऑर्डर द्यायच्या आधी काय पाहाचं? ट्रक उभे असले म्हणजे ढाबा चांगला, हे खरं हाय का?

अर्धं खरं आहे दादा. ट्रक उभे आहेत म्हणजे तिथं माल खपतो, म्हणजे डाळ-भाजी ताजी असायची शक्यता जास्त, एवढंच त्यातून समजतं. जागा मोठी आहे, आंघोळीला पाणी आहे, म्हणूनही ट्रकवाले थांबतात.

मी कुठंही गेले की पहिले हात धुवायला उठते. नळाला पाणी आहे का, साबण आहे का ते पाहते, अन् बहुतेक ढाब्यांवर तिथूनच मागची भांडे घासायची जागा दिसते. एकाच टबात काळं पाणी अन् त्यातच ताटांवर ताटं बुचकळून काढून राहिले असले तर तिथून उठायचं. चहासुद्धा घ्यायचा नाही, कप त्याच पाण्यातून निघालेला असतो. मग टेबल पुसायचं फडकं पाहा. पोऱ्या त्यानंच टेबल पुसतो, त्यानंच ताट पुसतो, त्यानंच स्वतःचे हात पुसतो, अन् पुसून गेल्यावर टेबलाला ओला आंबूस वास येत राहतो. हा वास आला की समजून घ्या आतमधी याच्याहून वाईट आहे, कारण गिऱ्हाइकाला दिसते ती जागा तरी मालक साफ ठेवतोच नं.

तिसरं म्हणजे मेनू कार्ड. पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन सगळं छापलं आहे अन् किचनमधी माणसं तीन, तर ते तीन माणसं एवढं रोज ताजं करतील कसं? होतं असं की लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही अन् पांढरी ग्रेव्ही सकाळीच, कधी आदल्या रात्रीच, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, करून ठेवतात अन् तुम्ही कढाई मागवा, हंडी मागवा, कोल्हापुरी मागवा, त्याच तीन गंजांतून पळी भरून निघते. म्हणून कार्ड बाजूला ठेवायचं अन् पोऱ्याला विचारायचं, "आज काय केलं?" त्यानं पटकन वांगं, शेवभाजी, बेसन असं सांगितलं तर तेच खा, ते आज केलेलं आहे. "सगळं मिळते" म्हणाला तर डाळ तडका अन् तव्यावरची गरम पोळी, यापुढं जाऊ नका.

समुद्रपूरच्या ताई: सोमवारी ढाब्यावर मटण खाऊ नका असं हॉटेलात काम करणारे म्हणतात. काऊन?

आपल्याकडं मटणाचा खरा दिवस रविवार, त्याच्या खालोखाल बुधवार अन् शुक्रवार. सोमवार, गुरुवार, शनिवार लय घरी पाळतात. समजा ढाबेवाल्यानं रविवारी पंधरा किलो आणलं अन् बारा किलो खपलं, तर उरलेलं तीन किलो जातं कुठं? फ्रिजमधी जातं, अन् रात्री लाईट गेली की फ्रिज नुसतं कपाट होऊन जातं, मग सोमवारी दुपारी तेच मटण नव्या फोडणीत उकळून ताटात येतं. मी हे एका नाही, बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. मालक वाईटच असतो असंही नाही, पण एवढं महागाचं मटण फेकून द्यायला त्याचा हात उठत नाही. नियमाप्रमाणं गरम ठेवायचं अन्न ६० डिग्रीच्या वर अन् थंड ठेवायचं ५ डिग्रीच्या खाली पाहिजे, अन् मे महिन्यात जिथं बाहेरच पंचेचाळीसच्या वर पारा जातो तिथं भट्टीजवळच्या खोलीत झाकून ठेवलेल्या रस्स्याचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

ओळखायची खूण सांगते. दुसऱ्यांदा उकळलेल्या मटणाचे धागे सुटतात, हाडं रस्स्यात वेगळी पडलेली असतात, पण तुकडा चावला तर आत कोरडा लागतो. अन् वरून नुसता पिठूळ लागला तर त्याला कच्ची पपई जास्त लागली आहे, जून बकरा लवकर शिजवायला ती लावतात. पपई लावण्यात वाईट काही नाही, पण ती लावून किती वेळ ठेवलं यावर सगळं असतं.

श्रावणात तर मटणाच्या ठिकाणी जाऊच नका, खप नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ताजं मिळतं, पण त्या दिवशी एवढी गर्दी असते की अर्धं कच्चं उतरवतात, म्हणून लवकर जायचं नाहीतर घरीच करायचं.

वणीचे एक दादा: सावजीची तर्री एवढी लाल असते, त्यात रंग टाकतात काय? दुसऱ्या दिवशी लय त्रास होते.

सावजी जेवण नागपूरच्या हलबा कोष्टी लोकांचं, मागावर बसणाऱ्या विणकरांचं. घरच्या पद्धतीचा सावजी रस्सा भडक लाल नसतोच, तो काळपट तपकिरी असतो, कारण त्यात मसाला भाजलेला असतो, धणे, खसखस, मिरे, खोबरं सगळं काळसर होईपर्यंत भाजतात. लालभडक तर्री दिसली की माझा हात थांबतो.

एक साधी गोष्ट करून पाहा. काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या अन् वरची चमचाभर तर्री त्यात सोडा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही, म्हणून लाल तेल वर तरंगतं अन् खाली पाणी मसाल्यानं गढूळ दिसलं तरी गुलाबी होत नाही. खालचं पाणी लगेच गुलाबी-लाल होऊन गेलं तर त्यात पाण्यात विरघळणारा रंग आहे. मटण-चिकनच्या रस्स्यात असा सिंथेटिक रंग टाकायला परवानगी नाही. मिठाईसारख्या ठरलेल्या पदार्थांत मान्यता असलेले रंग चालतात, तेही किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतच. आमच्या शेजारच्या भिवापूरची मिरची वापरली तर लाल रंग आपोआपच येतो, पण ती महाग पडते अन् रंगाची पुडी स्वस्त, एवढं साधं कारण आहे.

त्रासाचं म्हणाल तर तो रंगापेक्षा तेलाचा अन् तिखटाचा जास्त असतो. ऑर्डर देतानाच "तर्री कमी" म्हणा अन् भातापेक्षा ज्वारीच्या भाकरीसोबत खा. कमी तर्री मागितली म्हणून कोणी हसत नाही, आम्ही किचनमधले लोक स्वतः वरचं तेल काढूनच जेवतो.

दिग्रसच्या ताई: ढाब्यावरचं अन् लग्नातलं पनीर खरं असते का? आयोडीन टाकून पाहा म्हणतात.

आयोडीनची टेस्ट अर्धीच आहे ताई. पनीरचा तुकडा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर आयोडीनचे थेंब टाकले अन् निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. पण पामतेल घालून केलेलं पनीर असलं अन् त्यात स्टार्च नसलं तर निळं काहीच होणार नाही अन् तुम्ही निश्चिंत होऊन खाल. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या मालाला पनीर म्हणून विकताच येत नाही, पाकिटावर 'ॲनालॉग', म्हणजे पनीरसारखा दुसरा माल, असं लिहावं लागतं. पाकिटावर लिहिलेलं असतंही, पण ते पाकीट गिऱ्हाइकाच्या टेबलावर येत नाही नं, ते किचनमधीच फाटते.

सोपा हिशोब करा. किलोभर पनीरला पाच लिटरच्या आसपास दूध लागतं. तुमच्या गावच्या डेअरीचा भाव लावून गुणाकार करा, त्यात गॅस अन् मजुरी घाला, अन् मग पाहा की एवढ्या स्वस्तात पनीर मसाल्याची प्लेट परवडते कशी. लग्नात तर ताट ठरवतानाच केटररला सांगा की दूध मी देतो, पनीर माझ्यासमोर पाडा. हे नाही जमलं तर पनीर काढून टाका अन् पाटोडी रस्सा ठेवा, पाव्हणे जास्त खुश होतात, हे मी पंगतीत वाढून वाढून पाहिलं आहे.

कारंजाचे एक काका: सकाळी आलुबोंडा, मिरची भजे खायची सवय आहे. तेलाचं काय पाहावं?

काका, आधी वेळ पाहा. गाडीवाला गाडी लावतो तेव्हाच कढईतलं तेल कसं दिसते ते पाहा. पहाटेच काळं असलं तर ते कालचं आहे, त्यातच वरून थोडं नवीन ओतलं आहे, अन् हेच रोज चालते, कढई कधी पूर्ण रिकामी होतच नाही. भजे टाकल्यावर बुडबुडे येणं वेगळं अन् भजे काढल्यावरही काठाला पिवळा फेस टिकून राहणं वेगळं, फेस टिकला म्हणजे ते तेल वापरण्यालायक राहिलं नाही. मंद आचेवरच धूर येत असला तरी तेच. सरकारचा नियम असा की तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून लागू आहे, पण ते मोजायचं मशीन गाडीवाल्याकडं कुठून येईल? म्हणून आपण डोळ्यानं अन् नाकानंच पाहायचं.

पेपरात गुंडाळून देत असतील तर नाही म्हणा. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमातच मनाई आहे, गरम तेलकट भज्याला ती शाई लागते अन् पोटात जाते. पळसाच्या पानाचा द्रोण आपल्याकडं मिळतो, तो मागा, नाहीतर घरून डबा न्या. तर्री पोह्याचं मात्र मी बिनधास्त सांगते, सकाळी आठ-नऊपर्यंत गर्दीच्या गाडीवर खा. पोहे ताजेच फोडणीला पडतात अन् हरभऱ्याचा रस्सा चुलीवर उकळत असतो. अकरानंतर नको, तोवर रस्सा थंड झालेला असतो.

यवतमाळची एक विद्यार्थिनी: आमच्या मेसमध्ये रविवारी रात्री फ्राइड राइस असतो, सगळे खुश होतात. तो उरलेल्या भाताचाच असतो ना?

हो पोरी, बहुतेक ठिकाणी उरलेलाच. उरलेला असणं हा गुन्हा नाही, आपण घरी फोडणीचा भात करतोच, पण तो भात मधे कुठं होता ते महत्त्वाचं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, अन् भात तासन् तास गंजात कोमट पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात, अन् हे विष परत परतलं तरी जात नाही. म्हणून "गरम आहे म्हणजे चांगलंच आहे" हे भाताच्या बाबतीत चुकीचं आहे. मेसवाल्या काकूंना सरळ विचारा की दुपारचा भात थंड करून फ्रिजमधी ठेवता का. ठेवत असतील तर खा, नसतील तर त्या रात्री वरण-पोळी मागा. चारजणी मिळून विचारा, एकटीनं विचारलं तर मनावर घेत नाहीत.

वरोऱ्याचे एक दादा: बिलात जीएसटी लावतात, पाण्याच्या बाटलीचे जास्त घेतात, हे बरोबर हाय का?

साध्या रेस्टॉरंटमधी जीएसटी ५ टक्के. पण जो मालक कंपोझिशन स्कीममधी, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, आहे त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ अंकी एफएसएसएआय नंबरही, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा नंबर, पाहिजे, तो नसला तर विचारा. बसून जेवताना बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सुप्रीम कोर्टानं २०१७ मधी हॉटेलवाल्यांना मोकळीक दिली आहे, म्हणून बाटली गाडीतली न्या. फसवलं वाटलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगा.

राळेगावच्या ताई: भाजी खराब निघाली तर परत पाठवायची भीती वाटते, रागानं त्यात काही टाकून देतील म्हणून.

एवढे दिवस या कामात आहे, असं करताना मी कोणाला पाहिलं नाही. खरं सांगते, परत आलेल्या ताटाची आम्हाला लाजच वाटते. पण सांगायची पद्धत असते. पोऱ्यावर ओरडू नका, त्यानं ती भाजी केलेली नाही, अन् बऱ्याच ठिकाणी परत आलेल्या ताटाचे पैसे त्याच्या पगारातून कापतात, हे मला फार वाईट वाटते. सरळ गल्ल्यावर जाऊन मालकाला चमचा द्या अन् म्हणा, "भाऊ, तुम्ही एकदा चाखून पाहा." चाखल्यावर बहुतेक मालक गुपचूप बदलून देतात. आंबलेलं असलं तर बदली भाजी तिथली घेऊच नका, त्याच गंजातून येईल, डाळ किंवा ऑम्लेट मागा. अन् टीप द्यायची असली तर एखाद्या वेळेस मागं भांडे घासणाऱ्या बाईच्या हातात द्या, गल्ल्यावरच्या डब्यातलं तिच्यापर्यंत पोचत नाही.

पुलगावचे एक दादा: ताई, तुम्ही स्वतःच्या पैशानं बाहेर काय खाता?

जे घरी करायला लय खटाटोप आहे अन् जिथं ते रोज होते, ते. पाटोडी रस्सा, वडाभात, मटक्यावरची लांब पोळी. घरचंच माणूस चुलीजवळ आहे अशा छोट्या भोजनालयात जाते, आठवडी बाजाराच्या दिवशी जाते, कारण त्या दिवशी गंज दोनदा रिकामा होतो. साडेबारा-एकला जाते, तीन वाजता कधीच नाही. पाटोडी सांगताना रस्सा वाटीत वेगळा घ्या, एकत्र आणली तर टेबलावर येईपर्यंत ती फुगून मऊ पडते. अन् लांब पोळी पाहिजे असली तर आदल्या दिवशी फोन करून ठेवा, ती कणीक सैल भिजवून हातानं आपटत बसावं लागते, ऐन वेळेवर सांगितलं तर तुम्हाला साधी पोळीच मिळेल.