कॅनडात तुरुंगातून सुटणाऱ्या आदिवासी रुग्णांसाठी काम करायचं म्हणताय, तर आधी हे वाचा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, मग येरवड्यात कच्च्या कैद्यांसोबत काम केलं, त्यात पारधी कुटुंबं बरीच होती. नवऱ्याला सरेमध्ये आयटीतली नोकरी मिळाली आहे आणि पुढच्या वर्षी तुम्ही दोघं ब्रिटिश कोलंबियात येताय. तुरुंगातल्या आरोग्यसेवेतून बाहेर पडणाऱ्या आदिवासी रुग्णांच्या समन्वयकाची जाहिरात तुम्ही पाहिलीत आणि विचारलंत, ‘माझा अनुभव नेमका हाच आहे, अर्ज करू का?’ मी या समन्वयकांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसते, सुटका झालेल्यांना पहिले काही आठवडे साथ देणाऱ्या टीममध्ये सोशल वर्कर म्हणून. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

थेट सांगायचं तर त्या पदासाठी अर्ज करू नका. त्याच टीममधल्या दुसऱ्या जागांची तयारी मात्र आजपासून सुरू करा.

जाहिरात पुन्हा नीट वाचा. अशा पदांवर फर्स्ट नेशन्स, मेटी किंवा इन्युइट, म्हणजे कॅनडाच्या तीन आदिवासी समूहांतल्या, उमेदवारांना प्राधान्य असं स्पष्ट लिहिलेलं असतं. इथल्या मानवी हक्क कायद्यात त्याची सोय आहे. आपण भारतातून आलो, आपणही ब्रिटिशांचे गुलाम होतो, आपण आदिवासी भागात काम केलंय, यातलं काहीही त्या अटीत बसत नाही आणि बसूही नये. हे मी नियम आहे म्हणून सांगत नाही. रोज डोळ्यांनी बघते म्हणून सांगते.

आधी व्यवस्था समजून घ्या. इथे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर माणूस केंद्र सरकारच्या तुरुंगात जातो. त्याहून कमी शिक्षेचे आणि खटला चालू असलेले कच्चे कैदी प्रांताच्या तुरुंगात राहतात. ब्रिटिश कोलंबियात प्रांताचे दहा तुरुंग आहेत. १ ऑक्टोबर २०१७ पासून तिथली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून प्रांताच्या आरोग्य यंत्रणेकडे दिली गेली. म्हणजे आतल्या नर्सचा आणि डॉक्टरचा साहेब जेलर नाही. येरवड्याची सवय असलेल्या माणसाला हा फरक केवढा मोठा आहे ते वेगळं सांगायला नको. पुढे २०१९ मध्ये पाच ठिकाणी सुटकेनंतर साथ देणाऱ्या टीम सुरू झाल्या आणि नंतर त्या सगळीकडे वाढल्या. सोशल वर्कर, नर्स, स्वतः व्यसनातून आणि तुरुंगातून गेलेला सहकारी, आणि आदिवासी रुग्णांना वाट दाखवणारा आदिवासी नॅव्हिगेटर (तुम्ही पाहिलेल्या जाहिरातीतला समन्वयक तो हाच), अशी साधारण रचना असते.

या टीम का लागल्या? एप्रिल २०१६ मध्ये प्रांताने ड्रग ओव्हरडोसच्या मृत्यूंमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. जानेवारी २०१६ ते जुलै २०१७ या काळातल्या १,८५४ मृत्यूंचा कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) समितीने अभ्यास केला, तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोकांचा कधी ना कधी तुरुंग खात्याशी संबंध आलेला होता. कारण साधं आणि भयंकर आहे. आत असताना शरीराची सवय मोडते, आणि बाहेर रस्त्यावरच्या मालात फेंटानिल (अफूसारखं, पण कितीतरी पट तीव्र रसायन) किती आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पूर्वी पचायचा तोच डोस आता जीव घेतो. फर्स्ट नेशन्स लोकांमध्ये या मृत्यूंचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत इतरांच्या सुमारे सहापट आहे. कॅनडाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे पाच टक्के, पण केंद्राच्या तुरुंगांत जवळपास एक तृतीयांश. बायकांच्या बाबतीत तर निम्म्याच्या आसपास. सुप्रीम कोर्टाने १९९९ च्या ग्लॅड्यू खटल्यात बजावलं होतं की आदिवासी आरोपीला शिक्षा देताना त्याच्या समाजाचा इतिहास लक्षात घ्या आणि तुरुंगाशिवाय दुसरा मार्ग बघा. त्यानंतरही हे प्रमाण वाढतच गेलं.

सुटकेचा दिवस कसा असतो ते सांगते. जुलैत पकडलेला माणूस जानेवारीत बाहेर येतो, तो जुलैतल्याच टी-शर्टवर. हातात त्याच्या वस्तूंची पिशवी. मोबाइल असला तर बंद, ओळखपत्र हरवलेलं. नॅव्हिगेटर गाडीत हीटर लावून जाकीट घेऊन थांबलेली असते. ती ‘आता पुढे काय ठरवलंयस?’ असं विचारत नाही. कुठल्या नेशनचा (म्हणजे जमातीचा), कुठल्या गावचा, आजी कोण, हे बोलणं आतच झालेलं असतं. आपल्याकडे ‘कुठले तुम्ही? कुणाच्या घरचे?’ विचारतात ना, तसंच. दोन वाक्यांत एखादी मावशी ओळखीची निघते आणि माणसाचे खांदे सैल होतात. हे माझ्याशी बोलताना होत नाही. मी कितीही चांगली असले तरी त्याच्या लेखी मी फाइल घेऊन येणाऱ्या बायांपैकीच एक असते, आणि फाइल घेऊन आलेल्या सरकारी बायांनीच बालसंरक्षणाच्या नावाखाली त्याच्या घरातून पोरं नेलेली असतात.

मग पहिला थांबा औषधांचं दुकान. मेथाडोनवर (हेरॉइन-फेंटानिलच्या व्यसनावर दिलं जाणारं औषध) असलेल्या बहुतेकांना सुरुवातीला रोजचा डोस फार्मासिस्टसमोर प्यावा लागतो. एक दिवस हुकला की अंग तुटायला लागतं, आणि त्यावर रस्त्यावर मिळणारा इलाज चटकन सापडतो. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणते, यांचं कव्हरेज दिसत नाहीये. इथे समन्वयाची खरी परीक्षा असते. फर्स्ट नेशन्सच्या बहुतेक रहिवाशांची औषधं ‘प्लॅन डब्ल्यू’ या प्रांतिक योजनेतून मिळतात. इन्युइटांची सोय केंद्राच्या वेगळ्या योजनेत आहे, आणि मेटी माणूस या दोन्हींत बसत नाही. कुणाला कुठे फोन करायचा, कुठला नंबर अडकलाय, हे तोंडपाठ लागतं. ते काम आदल्या आठवड्यात झालं असेल तर डोस पाच मिनिटांत मिळतो. झालं नसेल तर अख्खी दुपार जाते, आणि तेवढ्या वेळात माणूस निघून जाऊ शकतो. नॅलोक्झोनचं, म्हणजे ओव्हरडोस उलटवणाऱ्या औषधाचं, किट मात्र खिशात असलंच पाहिजे, त्यावर तडजोड नाही.

हे झालं तारीख ठाऊक असलेल्या सुटकेचं. कच्च्या कैद्यांचं तसं नसतं. सकाळी कोर्टात गेलेला माणूस जामिनावर तिथूनच सुटतो. त्याच्या वस्तू तुरुंगात, औषधं तुरुंगात, आणि आपल्याला कळतं संध्याकाळी. येरवड्यात तुम्ही कोर्टाच्या आवारात तासन्‌तास वकिलाची नि जामीनदाराची वाट बघितली असेल. ती चिकाटी इथे सोन्याच्या मोलाची आहे, ते अगदी मनापासून सांगते.

अंतरं हाही मोठा प्रश्न आहे. प्रिन्स जॉर्जला सुटलेल्या माणसाचं घर प्रिन्स रुपर्टच्या बाजूला असेल, तर तो सातशे किलोमीटरचा रस्ता आहे. २०१८ मध्ये ग्रेहाउंड या बस कंपनीने पश्चिम कॅनडातल्या बस बंद केल्या. उत्तरेत प्रांताने बदली बससेवा आणली, पण ती रोज नसते. याच हायवे १६ वर कितीतरी आदिवासी मुली-बायका नाहीशा झाल्या, मारल्या गेल्या. म्हणूनच ‘हायवे ऑफ टिअर्स’ हे नाव पडलं. तिथे कुणालाही ‘लिफ्ट मागून जा’ म्हणता येत नाही. आणि घरी जाता येईलच असं कुठे आहे? फिर्यादी त्याच छोट्या गावात असेल तर जामिनाच्या अटीत गावबंदी येते. रिझर्व्हवर, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, घरांची वेटिंग लिस्ट असते. मग शहरातला शेल्टर, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात जागा होईपर्यंतचे मधले दिवस. मला विचाराल तर हे मधले दिवसच सगळ्यात धोक्याचे, आणि पैसा सगळ्यात कमी त्यांच्यावरच खर्च होतो. याचा मला रोज संताप येतो.

आता पारध्यांबद्दल. तुमचा धागा मला पटतो, आणि त्याला खरा आधार आहे. आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, इथला इंडियन अॅक्ट १८७६ चा. तिकडे पोलिसांकडची सक्तीची हजेरी आणि सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत. इकडे मधल्या गवताळ प्रेअरी प्रांतांत रिझर्व्हबाहेर जायला पास. या किनाऱ्यावर पॉटलॅच हा त्यांचा मोठा समारंभच १८८५ ते १९५१ गुन्हा होता. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला ‘गुन्हेगार जमाती’ हा शिक्का पुसला गेला म्हणतात, पण पारधी पोराला पोलीस कसे बघतात ते तुम्ही पाहिलंय. इथे दीड लाखाच्या आसपास मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली, आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे माझ्या वयाची माणसं त्या शाळांतून आलेली आहेत. हा इतिहास तुम्हाला ऐकायला मदत करेल. पण कुणी आपली कहाणी सांगत असताना ‘आमच्याकडेही असंच’ म्हणून मध्ये पडू नका. इथल्या जमिनीवर आपणही नंतर आलेलेच आहोत. इथल्या आदिवासी सहकाऱ्यांकडून हे काम शिकायचं, त्यांनी ठरवलेल्या दिशेने कागद, फोन, कोर्ट, घर या बाजू सांभाळायच्या, आणि बैठकीत त्यांचं म्हणणं कुणी उडवून लावलं तर ते आपण उचलून धरायचं. यात दुय्यमपणा वाटून घेऊ नका. मला या कामात मिळालेला सगळा मान याच वाटेने मिळाला.

तुमच्यासाठी जागा आहेत त्या टीममधल्या सोशल वर्करच्या, व्यसन-मानसिक आजारांच्या समुपदेशकाच्या, शेल्टर आणि निवाऱ्याच्या संस्थांच्या. पहिली नोकरी शेल्टरमध्ये रात्रपाळीची मिळाली तर सोडू नका. तिथे सुटलेली माणसंच येतात, आणि शहरातल्या सगळ्या खिडक्यांची ओळख होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) डिग्रीचं मूल्यमापन वेगळं आणि सोशल वर्करच्या नोंदणीसाठी कॅनडाच्या सोशल वर्कर संघटनेचं मूल्यमापन वेगळं. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं होत नाही. नोंदणीसाठी परीक्षाही आहे. नवऱ्याच्या वर्क परमिटवर जोडीदाराला काम करता येण्याचे नियम जानेवारी २०२५ पासून कडक झालेत, त्यामुळे त्याच्या पदाचा वर्ग आणि परमिटची उरलेली मुदत आत्ताच तपासा. आल्यावर प्रांताचा आरोग्यविमा सुरू व्हायला आलेला महिना अधिक दोन महिने लागतात, तेवढ्यासाठी खासगी विमा घ्या.

तुरुंगात पाऊल टाकायला सुरक्षा तपासणी लागते, तेव्हा पासपोर्ट ऑफिसातून पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) घेऊन या. आणि गाडी! हे काम गाडीशिवाय होत नाही. इथे पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागतेच, पण आरटीओकडून लायसन्स कधीपासून आहे त्याचा उतारा इंग्रजीत आणलात, तर नवख्या चालकाची बंधनं टळू शकतात.

सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे कॉलेजकडून फील्डवर्कच्या तासांचं पत्र. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत कुठल्या संस्थेत, कुणाच्या देखरेखीखाली, किती तास, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लागतं. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून परस्पर पाठवावी लागते. तुमच्या वेळचे फील्डवर्क सुपरवायझर अजून तिथेच असतील तर याच महिन्यात जाऊन भेटा. इथे बसून पुण्याला फोन लावत राहिल्याने ते पत्र निघत नाही. नोंदणीच्या फॉर्ममध्ये कुठे अडलं तर तो रकाना मला लिहून पाठवा, मी बघून सांगेन.